पेंढ्याचें पारडूं

मोडनिंबास आमच्या मावशींच्या गोठ्यांत एक पंढरपुरी म्हैस असे. शिंगें तरवारीसारखीं, मागें खांद्यापर्यंत गेलेलीं. एके वर्षीं तिचें पारडूं आठ दिवसांतच दगावलें आणि तिनें पान्हा चोरला. घरांत तान्हा नातू, त्याला वरचें दूध हवें. तेव्हां गड्यानें त्या पारडाच्या कातड्यांत पेंढा भरला, वर मीठ चोळलें व तें सोंग म्हशीपुढें उभें केलें. तिनें हुंगलें, चाटलें. थोड्याच वेळांत सड भरून आले. मावशी पदरानें डोळे टिपीत म्हणाल्या, "मुक्या जिवाला फसवून काढलेलें हें दूध बाळाला पाजूं तरी कशी?"

हा प्रश्न आमच्या मनांत बरींच वर्षें घोळत होता. म्हशीच्या कासेंत सडांलगतच्या पोकळींत दूध फारच थोडें असतें. बहुतेक सारें वरच्या सूक्ष्म पिशव्यांत अडकलेलें. पारडाचा वास, त्याच्या ढुशा, सडांस लागलेली जीभ यांची वर्दी मेंदूस पोंचली म्हणजे तेथील पीयूषिका ग्रंथींतून ऑक्सिटोसिन नांवाचा रस रक्तांत उतरतो व त्या पिशव्या आवळल्या जातात. जनावर भ्यालें कीं हेंच काम अडतें. यांत म्हशीच्या विचाराचा संबंध नाहीं. ठराविक खूण भेटली कीं पुरे. टिनबर्जेन या डच शास्त्रज्ञांनीं समुद्रपक्ष्याच्या पिलांपुढें पुठ्ठ्याची चोंच धरिली, तर तिच्यावरील तांबडा ठिपका पाहून पिलें अन्नासाठीं तिलाच टोंचूं लागलीं! १९७३ चें नोबेल पारितोषिक त्यांना लोरेन्झ व फॉन फ्रिश यांजबरोबर मिळालें.

मात्र खूण बदलतांहि येते. कोल्हापुरांत पंढरपुरी म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर पिळतात. त्या गजबजाटांतहि पान्हावतात. आंबोणाचें घमेलें, ओळखीचा हात, रोजची वेळ, हींच त्यांचीं पारडीं. कांहीं लोक हा खटाटोप न करतां ऑक्सिटोसिनची सुईच टोंचतात. दूध वाढविण्यासाठीं जनावराच्या प्रकृतीस अपाय करणारी सुई टोंचणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. मावशींचा पेंढा त्या पंगतीस बसवावा असें आम्हांस वाटत नाहीं. तेथें निदान म्हशीला चाटावयास कांहीं तरी होतें.

मावशींनींहि आपल्यापुरता मार्ग काढिला. रोज स्वतः आंबोण नेऊन त्या तिच्या पाठीवर हात फिरवीत. महिन्याभरानें म्हैस घमेल्याच्या आवाजालाच पान्हावूं लागली, तेव्हां तें पारडूं त्यांनीं गड्याकडून परसांत पुरून घेतलें.