बिनतारी हत्यार आणि अण्णांची भिंत

दिवाळी तोंडावर आली की प्रत्येक घरात एक खिळा ठोकायचा राहिलेला असतो. आकाशकंदिलाचा म्हणा, तोरणाचा म्हणा. वर्षभर तो कोणाला आठवत नाही. वसुबारसेला मात्र त्याचा सगळा दोष घरच्या कर्त्या पुरुषाकडे येतो. यंदा त्या दोषाला तोंड देण्यासाठी मी हत्यारबंद झालो. भोक पाडणारे आणि स्क्रू पिळणारे बिनतारी ड्रिल विकत घेतले. 'बिनतारी' म्हणताच आमच्या सौभाग्यवतींना वाटले, आता हे त्यावर बातम्या ऐकणार! तसे नव्हे. याला वायर नाही, मुठीच्या तळाशी बॅटरी बसते, एवढाच अर्थ.

हौस जुनी आहे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाई सांगलीत शिरली, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. पूर ओसरल्यावर घरी येऊन पाहतो तो दारे फुगून अर्धवट उघडी अडकलेली, आणि वीज नाही. गल्लीतला एक पोरगा असले यंत्र घेऊन आला आणि बिजागऱ्यांचे स्क्रू काढून त्याने दहा मिनिटांत दार बाजूला केले. तेव्हाच मनात घेतले की हे आपल्याकडे हवे.

खरेदी करणाऱ्यांना प्रथम चार शब्द सांगतो. यंत्र नव्हे, आधी बॅटरी निवडा. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्राला लागत नाही. ही सोयरीकच आहे; एकदा जमली की पुढची करवत, पुढचे ग्राइंडर त्याच घरातून आणावे लागते. म्हणून आपल्या गावात कोणाची बॅटरी आणि कोणाची दुरुस्ती मिळते, याची चौकशी आधी करावी. लाकूडकाम, बिजागऱ्या, पडद्याच्या दांड्या एवढेच काम असेल तर १२ व्होल्ट पुरतात. विटेची भिंत असेल तर १८ घ्यावेत. खोक्यावर कुठे १८, कुठे २० पाहून गोंधळू नये. आत ओळीने पाच घट असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्टचे, म्हणजे झाले १८. पूर्ण भरल्यावर तेच २० च्या घरात जातात. आकडा निराळा, अंगातला जोर तोच. अँपिअर-अवर हा आकडा टाकी केवढी ते सांगतो. घरच्या कामाला २ पुरे, मोठी बॅटरी मनगट दुखवते.

विटेसाठी फिरता फिरता ठोके देणारे हॅमर ड्रिल हवे. काँक्रीट किंवा काळा दगड आला की त्यालाही धाप लागते. तिथे रोटरी हॅमर भाड्याने आणावा. यंत्राच्या मानेवर आकड्यांचे कडे असते. स्क्रू पिळताना ते लहान आकड्यावर ठेवावे, नाही तर स्क्रूचे डोके खरवडून जाते. बॅटरी तापलेली असताना भरायला लावू नये, उन्हातल्या गाडीत ठेवू नये, आणि पुरात भिजलेली तर पुन्हा वापरूच नये.

हे सारे पाठ करून मी साताऱ्याला निघालो. तिथे आमचे थोरले बंधू अण्णा असतात. वय ८१. जन्मभर कारखान्यात फिटरचे काम केलेला माणूस. श्रावणात न्हाणीघरात त्यांचा पाय घसरता घसरता वाचला होता. वहिनींनी फोनवर एवढेच सांगितले, "भावजी, धरायला काहीतरी बसवून द्या. ह्यांना माझा हात धरायला आवडत नाही."

गाडी किर्लोस्करवाडीला थांबली तेव्हा पिशवीतल्या यंत्राकडे पाहून मला १९१० साल आठवले. त्या वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या या माळावर कारखान्याची वसाहत मांडली. त्याच वर्षी अमेरिकेत बाल्टिमोरला ब्लॅक आणि डेकर या दोघा मित्रांनी आपले यंत्रांचे दुकान काढले. इकडे लोखंडी नांगर निघाले. तिकडे १९१७ साली पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा असलेल्या विजेच्या ड्रिलचे पेटंट मिळाले, आणि १९६१ साली बॅटरीचे ड्रिल आले. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने बॅटरीच्याच ड्रिलने चंद्रावर भोके पाडली. तीही ठरवल्याइतकी खोल गेली नाहीत. हा तपशील मी स्वतःच्या समाधानासाठी देत आहे, कारण पुढे साताऱ्यात जे झाले ते असे.

न्हाणीघराची भिंत साडेचार इंची, जुन्या पडवीत मागाहून घातलेली. अण्णा काठी टेकीत आले आणि म्हणाले, "जरा थांब. मला भिंत वाजवून बघू दे."

"अण्णा, तुम्ही बसा. आता यंत्र आहे," मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. बाहेर जाऊन बसले.

फरशीवर चिकटपट्टी लावली, ठोका बंद ठेवून फरशी पार केली, मग ठोका चालू केला. सगळे पुस्तकाप्रमाणे! भोकातून पांढरी भुकटी आली, मी प्लास्टिकच्या गिट्ट्या बसवल्या, स्क्रू पिळले. अर्ध्या तासात दांडी चकाकू लागली. वहिनींनी कौतुकाने चहा दिला. मी कंदी पेढे घेऊन सांगलीला परतलो.

बाराव्या दिवशी दांडी अण्णांच्या हातात आली.

वहिनी दाराशीच उभ्या होत्या म्हणून निभावले. ते बसल्यासारखे खाली आले, कोपर खरचटले, हाड वाचले. पण त्या दिवसापासून ते अंघोळीला न्हाणीघरात जाईनात. अंगणात खुर्चीवर बसून, दोन तांबे घेऊन उरकू लागले. ज्या माणसाने कधी कोणाकडे पाणी मागितले नाही, त्याची ही अवस्था माझ्या अर्ध्या तासाच्या ऐटीने केली होती.

मी पुन्हा गेलो. या वेळी यंत्र पिशवीतच ठेवले आणि अण्णांसाठी न्हाणीघरात स्टूल मांडले. त्यांनी पडलेली गिट्टी हातात घेतली, तिला चिकटलेली भुकटी चिमटीत चोळली.

"पांढरी. म्हणजे गिलाव्यातच बसली होती, विटेपर्यंत पोचलीच नाही. विटेची भुकटी तांबडी येते. एवढं तुला दिसलं नाही?"

दिसले होते. यंत्र लोण्यात सुरी जावी तसे गेले, म्हणून मी यंत्राचीच पाठ थोपटली होती.

"हाताच्या गिरमिटानं पाडलं असतंस, तर भिंत पोकळ आहे हे मनगटाला कळलं असतं," अण्णा म्हणाले. "यंत्राला सगळं सारखंच. म्हणून भुकटी बघायची आणि आवाज ऐकायचा."

मग त्यांनी काठीच्या मुठीने भिंत वाजवली. कुठे भदभद, कुठे टणक. पेन्सिलीने चार फुल्या त्यांनीच मारल्या. नळ त्या ओळीत नाही, याची खात्री केली. ते म्हणाले, असल्या भिंतीवर गिट्टीचा भरवसा नको. आरपार बोल्ट घाल आणि पलीकडून लोखंडी पट्टी देऊन आवळ. म्हणजे ओढ गिलाव्यावर येत नाही, सबंध भिंतीवर येते. मी डोळ्यांना चष्मा लावला, सैल बाही दुमडली आणि लांब बिट घेऊन हळूहळू शिरलो. आधी पांढरी भुकटी, मग तांबडी. तांबडी दिसताच अण्णा म्हणाले, "आता बरोबर."

नट आवळून झाल्यावर मी दांडीला लोंबकळलो. मग दुसऱ्यांदा, पाय उचलून. दांडी हलली नाही. माणसाचा भार घेणारी कोणतीही वस्तू आधी आपल्या भाराने तपासावी, हा नियम मी आता कोणालाही फुकट सांगतो.

अण्णांनी उठून दांडी धरली. दोनदा ओढली, तिसऱ्यांदा नुसता हात ठेवून उभे राहिले. मग वहिनींना हाक मारून म्हणाले, "पाणी काढ. आत काढ."

बोल्टांचे चार नट आता पलीकडे स्वयंपाकघरात दिसतात. वहिनींना ते पसंत नाहीत. दिवाळीच्या आधी त्यांवर काहीतरी टांगायला हवे, असे त्यांचे म्हणणे. मी यंत्र काढले.

अण्णा म्हणाले, "ठेव ते. कॅलेंडरला खिळा पुरतो."