संस्कार आणि कायदा

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता नाकारली, तेव्हा ‘धर्म जिंकला’ म्हणणारे आचऱ्यातही होते. आम्हांस हा जयघोष मान्य नाही. वाद मुख्यतः १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा होता; न्यायालयाने तो संसदेवर सोपविला. चर्चमधील विवाहाचा तेथे प्रश्नच नव्हता.

विवाह हा स्त्री-पुरुषांचा संस्कार, ही आमची श्रद्धा अढळ आहे. परंतु तिला कायद्याचा पहारा कशाला? ख्रिस्ती दांपत्यांसाठी घटस्फोटाचा कायदा १८६९ पासून आहे. म्हणून आपला संस्कार दुभंगला काय?

२०२४ साली केंद्र शासनाने अशा जोडीदारांना एकाच शिधापत्रिकेवर नावे, संयुक्त बँक खाते आणि जवळचे नातलग नसल्यास पार्थिव ताब्यात घेण्याची मुभा स्पष्ट केली. यात कोणते पाप? मृतांना मूठमाती देणे हे तर ख्रिस्तसभेने शिकविलेले दयेचे कृत्य!

अशा व्यक्तींचा आदराने व करुणेने स्वीकार करा, अन्याय्य भेदभाव टाळा, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ बजावतो. तरीही पोटच्या मुलाला मुंबईची वाट दाखवून आईबाप रविवारी वेदीपुढे गुडघे टेकतात. कुटुंबसंस्थेची एवढी काळजी असेल, तर त्यांनी आधी त्या मुलाला घरी बोलवावे.