लव : कुणाचे कपडे, कुणाचे शस्त्र

आपल्या अंगावरचा सुती कुर्ता मुळात केसांचाच असतो. कापूस म्हणजे सरकीवर उगवलेली लव. तिचा प्रत्येक तंतू ही एकच लांब वाढलेली पेशी. सब्जाच्या पानावरून बोट फिरवले की सुगंध येतो, कारण पानावरच्या बारीक लवेत तेल साठलेले असते. मधमाशीच्या अंगावरचे केस परागकण धरतात, म्हणून तर फुलाला फळ धरते.

पण काही केस शत्रूला दूर ठेवण्यासाठी असतात आणि ते मुलांच्या हाताला लागतात. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंट गर्दी करून बसतात. त्यांचे केस त्वचेत मोडून अडकतात. हिवाळ्यात कुंपणावर खाजकुइलीच्या शेंगा पिकतात. त्यांची सोनेरी लव मखमलीसारखी दिसते, म्हणून मुले हात लावतात. या लवेत म्युक्युनेन नावाचे प्रथिन असते. ते त्वचेत शिरले की आग आणि खाज सुरू होते.

अशा वेळी घरात पहिली धावपळ होते ती चोळण्याची. अम्मी तेल चोळते, दादी राख चोळायला सांगते. माया खरी, पण चोळल्याने केस आणखी आत जातात व पसरतात. त्याऐवजी हे करावे :

सुरवंट अंगावर असेल तर काडीने उचलून टाकावा, हाताने झटकू नये. त्या जागी चिकटपट्टी दाबून ओढावी. दर वेळी नवा तुकडा घ्यावा. मग साबण लावून वाहत्या पाण्याने धुवावे आणि थंड पाण्याची घडी ठेवावी. मुलाचे कपडे बदलून वेगळे धुवावेत. केस डोळ्यात गेला तर डोळा चोळू न देता पाण्याने धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. श्वास लागला किंवा तोंड सुजले तर थेट दवाखाना गाठावा.

शेवग्याखाली कपडे वाळत घालू नका, विशेषतः तान्ह्या बाळाची दुपटी. मेलेल्या सुरवंटाचे आणि त्याच्या कोशाचे केसही टोचतात.

मुलांना सुरवंटाची भीती घालू नका. लांबून दाखवा आणि सांगा, की पावशा आणि चातक हेच केसाळ सुरवंट आवडीने खातात. बघायला शिकलेले मूल हात लावण्याआधी थांबते.