भुकटीचे अर्थशास्त्र

व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणाच्या मासिक खर्चात प्रथिनांच्या भुकटीने आता कायमचे स्थान मिळविले आहे. वजने उचलल्याने स्नायुतंतूंची सूक्ष्म झीज होते व ती भरून काढण्यास प्रथिने लागतातच. कोल्हापूरच्या तालमींतील दूध-बदामाच्या खुराकाचाही हाच हेतू होता. प्रश्न आहे तो मर्यादेचा. ४९ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅमपलीकडे घेतलेल्या प्रथिनांनी स्नायूंत अधिक भर पडत नाही, असे त्यात दिसून आले. घटत्या सीमान्त उपयोगितेचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हा अध्यापकांनाही क्वचितच सापडते! म्हणजे साठ किलोच्या तरुणास ९६ ग्रॅम पुरतात. त्यांतील मोठा वाटा घरची डाळ, दूध, अंडी, सोयाबीन यांतून भागतो. उरलेल्यासाठी भुकटी ही सोय आहे, आवश्यकता नव्हे.

खरा धोका पुढेच आहे. भारतीय बाजारातील ३६ भुकट्यांच्या तपासणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी २५ डब्यांवर छापलेले प्रथिनांचे प्रमाण खोटे ठरले; काहींत बुरशीजन्य विषही आढळले. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने अशा भुकट्या टाळण्याचा सल्ला दिला. परंतु केवळ सल्ल्याने बाजार सुधारत नाही. डब्यातील माल ग्राहकास तपासता येत नाही, तेव्हा सचोटीच्या उत्पादकालाही लबाडाच्या भावाशी टक्कर द्यावी लागते. शासनाने दुकानांतून नमुने उचलावेत आणि निष्कर्ष उत्पादकांच्या नावांनिशी जाहीर करावेत, ही मागणी ग्राहकांनी लावून धरावयास हवी.