गोवर, रात्रीचा ताप आणि आपण लावलेला उशीर

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. रात्री दीडच्या सुमारास ठाकूरद्वारच्या आमच्या घरात भाचीने हाक मारली. "खाला, याचं अंग बघा हो, चटका बसतोय." बाळ दहा महिन्यांचं. थर्मामीटर १०३ च्या पुढे गेला होता. दूध तोंडात घेत नव्हतं, रडणंही थांबलं होतं, नुसतं कण्हत होतं.

घरात लगेच चर्चा सुरू झाली. अम्मी म्हणाल्या, दात येत असतील, सकाळपर्यंत बघू. शेजारच्या आपा म्हणाल्या, गोवर असेल तर औषध देऊ नका, आत बसतो. कुणी दम केला, कुणी दुलई आणून बाळाला गुंडाळलं. यात पाऊण तास गेला. मग टॅक्सी शोधली, मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांतून वाट काढत एका मोठ्या रुग्णालयात पोहोचलो. तिथे केसपेपरची रांग होती आणि आमच्या आधी कितीतरी आया लेकरं छातीशी धरून बसल्या होत्या. नंबर यायला तासभर लागला.

डॉक्टरांनी आल्या आल्या दोनच गोष्टी विचारल्या. अंगावर पुरळ आहे का? आणि नवव्या महिन्याची लस झाली का, कार्ड दाखवा. कार्ड सासरी, कोकणातल्या गावी कपाटात होतं. लस झालीच नव्हती. भाची माहेरी आली, तारीख निघून गेली. शाळेत प्रवेशाच्या वेळी पालकांकडून लसीकरणाचं कार्ड आम्ही दरवर्षी मागून घेतो. घरातल्या बाळाचं कार्ड मात्र एकदाही विचारलं नाही. ही चूक आमची.

बाळाला गोवर नव्हता, साधा विषाणूचा ताप निघाला. अल्हम्दुलिल्लाह, तिसऱ्या दिवशी उतरला. पण २०२२ मध्ये मुंबईत सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. ऑक्टोबरच्या अखेरीस गोवंडीच्या रफी नगरमध्ये एकाच घरातली तीन मुलं दोन दिवसांत दगावली. गोवराचा संशय आला आणि यंत्रणा जागी झाली. चिंचपोकळीचं कस्तुरबा रुग्णालय लेकरांनी भरलं. केंद्राचं पथक आलं, राज्याने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण सापडले. म्हणजे ज्या वस्त्यांत आपले नातेवाईक राहतात, तिथेच हा आजार पसरला होता.

मग टीव्हीवर नेहमीचं सुरू झालं. "मुसलमान लस घेत नाहीत." याला उत्तर द्यायचं तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना शाळांतून लस दिली गेली, तेव्हा आम्ही वर्गावर होतो. लसीने मुलं पुढे वांझ होतील अशा ऑडिओ क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. काही पालकांनी त्या दिवशी मुलांना शाळेत पाठवलंच नाही. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं, नाकारणार कसं? पण त्याच पालकांना बसवून उर्दूत नीट समजावलं, तेव्हा बहुतेकांनी मुलं पाठवलीही.

आणि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०२० आणि २०२१ मध्ये लॉकडाऊनमुळे नेहमीचं लसीकरण विस्कटलं. हे फक्त गोवंडीत झालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितलं, की २०२१ मध्ये जगभरात जवळपास ४ कोटी मुलांची गोवराची लस चुकली. अडीच कोटींना पहिलाच डोस मिळाला नाही, १ कोटी ४७ लाखांचा दुसरा राहिला. ही सगळी मुलं काही एका धर्माची नाहीत. त्यात रोजंदारीवरचे बाप, लेकरं कडेवर घेऊन धुणीभांडी करणाऱ्या आया, गाव आणि शहर यांत ये-जा करणारी कुटुंबं, एका खोलीत आठ माणसं. अशा घरात गोवर शिरला तर थांबत नाही. हा आजार हवेतून पसरतो. ज्यांना लस नाही किंवा आधी आजार झालेला नाही, अशा जवळच्या दहांपैकी नऊ जणांना तो गाठतो. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून मूल इतरांना तो देत असतं. म्हणून ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस झाले तरच साथ अडते.

माता मृत्यूंबाबत सार्वजनिक आरोग्यात तीन उशीर सांगतात: निर्णयाला उशीर, पोहोचायला उशीर, उपचार सुरू व्हायला उशीर. तापलेल्या बाळालाही हेच लागू पडतं. पहिला उशीर आपला, बाकीचे दोन बऱ्याच अंशी सरकारचे.

म्हणून आधी आपलं घर. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तरी सकाळची वाट बघायची नाही. त्याहून मोठ्या मुलाने दूध-पाणी सोडलं, प्यायलेलं सगळं ओकलं, झटका आला, श्वास जोरात चालू लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा मूल सुस्त पडलं, तर लगेच रुग्णालय. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल ती टॅक्सी पकडा. दुलईत गुंडाळू नका, कपडे हलके ठेवा, दूध-पाणी पाजत राहा. औषधाचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांना विचारा. "गोवर आत बसतो" हा समज सोडा. गोवराने न्यूमोनिया होतो, जुलाब होतात, डोळे जाऊ शकतात. म्हणून डॉक्टर लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाचे डोस देतात. दम जरूर करा, पण टॅक्सीत बसून करा. उंट बांधून मग तवक्कुल करायची शिकवण आपल्याकडे आहेच. दुआ आणि दवा, दोन्ही.

आता सरकारला प्रश्न. महापालिकेने २०२२ मध्ये "आपला दवाखाना" सुरू केला. चांगलं पाऊल आहे. पण तो रात्री दहाला बंद होतो, आणि बाळाचा ताप घड्याळ बघून चढत नाही. साथीच्या दिवसांत तरी दाट वस्तीत रात्रभर बालरोगतज्ज्ञ का नसावा? मोठ्या रुग्णालयात तापलेल्या तान्ह्या बाळांसाठी वेगळी खिडकी का नको? पुरळ आलेलं मूल आणि पडसं झालेलं मूल एकाच बाकावर बसवलं, तर रुग्णालयातच साथ वाटली जाते.

हक्कही माहीत हवेत. तातडीच्या रुग्णाला खाजगी डॉक्टरही परत पाठवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांनी तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यायचं असतं. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. गिरगाव-चर्नी रोडच्या पट्ट्यात ट्रस्टची रुग्णालयं आहेत. दारात पैशांवरून अडवलं, तर हे शांतपणे सांगा.

२०२२ मध्ये साथ असलेल्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस दिला गेला. जिथे नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांत रुग्ण दहा टक्क्यांहून जास्त होते, तिथे सहा महिन्यांपासून. हा डोस वेगळा धरायचा. नेहमीचे दोन, म्हणजे नऊ ते बारा महिन्यांतला आणि सोळा ते चोवीस महिन्यांतला, ठरल्या वेळी घ्यायचेच. आमची इमाम साहेबांना विनंती आहे, जुम्याच्या बयानानंतर दोन मिनिटं यावर बोला. आशा ताई दारात आल्या तर त्यांना परत पाठवू नका, आत बोलवा, पाणी द्या, शंका विचारा.

भाचीच्या सासरहून कार्डाचा फोटो मागवला. ताप उतरून तब्येत सावरल्यावर बाळाला डोस मिळाला. कार्ड गावाहून येईपर्यंत तो फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे, अम्मींच्याही. आपणही आज कपाट उघडून बाळाचं कार्ड बाहेर काढा आणि नवव्या महिन्याच्या रकान्यात तारीख आहे का ते बघा.