भिंतीवर न मावलेली नावं

कुलाब्याहून नेव्हीनगरकडे जाताना झाडांच्या वर एक उंच मनोरा दिसतो. सगळे त्याला अफगाण चर्च म्हणतात. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत, म्हणजे १८३८ ते १८४३ या वर्षांत, जे मेले त्यांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधलं आणि १८५८ मध्ये ते उपासनेसाठी खुलं झालं. एकदा आत जा आणि वेदीजवळच्या भिंती वाचा. गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं हुद्द्यासकट, पलटणीसकट कोरलेली आहेत. आणि शिपाई? ते फार होते, सगळ्यांची नावं लिहिणं जमलं नाही, असं तिथलाच लेख सांगतो.

फार होते! मुंबई फौजेत कोकणातली, देशावरची पोरं होती. भातावर आणि भाकरीवर वाढलेली ही माणसं बोलन खिंड ओलांडून कंदाहारपर्यंत गेली. त्यांतलं कोण कुठे पडलं, हे त्यांच्या गावाला कळलंसुद्धा नसेल.

“मग असल्या दगडाशी आपलं काय देणं-घेणं? साहेबाचं स्मारक साहेबाने सांभाळावं,” असं मला नेहमी ऐकवलं जातं. असं म्हणणाऱ्यांना मी कोरेगावला नेतो. भीमेकाठचा तो स्तंभ ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःची पाठ थोपटून घ्यायला उभारला. त्यावरच्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ती महार शिपायांची. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे उभे राहिले आणि कंपनीच्या दगडातून एका समाजाने आपला इतिहास काढून घेतला. अक्षरं शाबूत होती म्हणूनच ना? कुणी त्यावर ऑइलपेंट फासला असता तर?

पण नावं गाळण्याची रीत पुढेही चालली. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात अडकलेली डिव्हिजन पुण्याच्या नावाची होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. उपाशी राहून त्यांनी २९ एप्रिल १९१६ ला शस्त्रं खाली ठेवली. पुढे बसऱ्याला भलंमोठं स्मारक झालं, पण तिथेही हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत, नुसता आकडा कोरला. अशा भेदभावाची कबुली द्यायला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनला २०२१ साल उजाडावं लागलं. आपल्या गावांतल्या संगमरवरी पाट्याही त्याच वळणाच्या. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले, संपलं. साताऱ्याच्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसं गमावली. गावाच्या नावातच आज मिलिटरी आहे.

म्हणून जे थोडं कोरलेलं आहे ते तरी जाऊ देऊ नका. छावणीतल्या एका जुन्या चर्चमध्ये मी पाहिलं, संगमरवरी पाटीत स्क्रू मारून विजेचा बोर्ड बसवला होता. एक नाव बरोबर मधोमध फुटलं होतं. शेजारच्या पाटीतली शिशाची अक्षरं गळून पडली होती. बॅटरी आडवी धरली तेव्हा अक्षरं अडकवायची बारीक भोकं सावलीत उठून दिसली, आणि त्या भोकांवरून नाव जुळत गेलं. सहा अक्षरांना अर्धा तास लागला.

चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, लोणा बाहेर येतो आणि पाटी सुटते. मागचे लोखंडी खिळे गंजून फुगतात, दगड तडकतो. फरशी धुवायचं अॅसिड संगमरवर खातं. आणि पितळी पाटीचं तर आपण प्रेमानेच वाटोळं करतो. देवाची भांडी घासावीत तशी दर सणाला चिंच-मीठ लावून चकचकीत करतो, आणि पन्नास वर्षांनी तिच्यावर नाव नसतं, नुसती चकाकी असते. घासू नका, रंगवू नका, अक्षरं खडूने भरू नका. मऊ ब्रशने धूळ झटका आणि दगडाची जाण असलेल्या माणसाला बोलवा. एवढं पथ्य पुरे.

बाकीचं काम तुमचं. कॉलेजातल्या पोरांनो, एनएसएसच्या शिबिरात नुसते खड्डे खणू नका. पाळकांना विचारून चर्चच्या भिंती वाचा, प्रत्येक पाटीचा फोटो घ्या, दगडावर आहे तसंच, चुकीच्या स्पेलिंगसकट, वहीत उतरवा. एक प्रत चर्चला द्या, एक गावच्या वाचनालयाला. सरपंच, शाळेच्या आवारातली ती पाटी नवीन कंपाऊंडमागे गाडली जाण्याआधी हलवा. तिच्यावर नुसता आकडा असेल तर नावं वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत शोधा. तिथे पुष्कळदा बापाचं नाव आणि गावही सापडतं. मग पेन्शनची जुनी कागदं, पत्र्याच्या पेटीतली पदकं आणि आजीच्या तोंडचा ‘बसऱ्याला गेलेला’ एखादा चुलता, हे सगळं एकत्र आणा. वाड्यावस्त्यांवर फिरा. आजी आहे तोवरच फिरा.

येत्या रविवारी उपासना आटोपल्यावर चर्च रिकामं होईल. बॅटरी, वही आणि एक स्टूल बरोबर घ्या. सगळ्यात वरच्या पाट्या अजून कुणी वाचलेल्याच नाहीत.