खुशाल आहोत

आईची ट्रंक आवरताना मावशीची पोस्टकार्डं सापडली. पन्नास-साठ असतील, दोऱ्याने बांधलेली. सुरुवात सगळ्यांची एकच. सा. न. वि. वि., येथील सर्व मंडळी खुशाल आहेत, तुमची खुशाली कळवत जावी. त्यानंतर पाऊस, लावणी, कुणाचं तरी बाळंतपण. मावशीला टायफॉइड झाला होता, त्या महिन्याचं कार्डही खुशालीचंच!

खुशाल म्हणजे खुश-हाल, शब्द मूळचा फारसी. हाल म्हणजे खरं तर नुसती स्थिती. पण एकटा ‘हाल’ मराठीत आला आणि त्याचा अर्थ कष्टच होऊन बसला. आपल्या स्थितीबद्दल आपलं काय मत होतं, ते यावरून कळावं. तेव्हा तार आली नाही म्हणजे सगळं ठीक. सोयरिकीत ‘खाऊन-पिऊन सुखी घर’ म्हटलं की पुढे चौकशी नसे. दोन वेळचं अन्न आणि डोक्यावर कर्ज नाही, एवढ्यात सुखाची व्याख्या संपायची. मुलगी त्या घरात ‘पडायची’. पडलेलीला लागलं का, हे विचारायची रीत नव्हती. आणि विचारलं असतं तरी ती लिहिणार कशावर? पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ साली आलं ते उघडंच. पोस्टमन वाचणार, सासरे वाचणार. मावशीच्या त्या ‘खुशाल’मागे काय काय झाकलेलं असेल, देव जाणे. म्हणून जुन्या समाधानाचे गोडवे गाणारे लोक भेटले की मी विषय बदलते.

पण फार सुख झालं तर तेही कार्डावर येत नसे. दृष्ट लागते. ‘कसं काय?’ला आपलं उत्तर ‘बरं चाललंय’. ‘उत्तम’ म्हणणारा माणूस एक तर विमा विकायला आलेला असायचा, नाहीतर नवा जावई.

आता उलटं झालंय. लग्नाआधीच जोडपं अलिबागच्या किनाऱ्यावर धावताना हसतं, ते हसू छायाचित्रकार चार वेळा पुन्हा करून घेतो. आजी-आजोबांच्या लग्नातल्या फोटोत एकाचाही दात दिसत नाही. सरकारांनीही मनावर घेतलंय. मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये आनंद विभाग काढला, दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ साली हॅपिनेसचा तास सुरू झाला. संयुक्त राष्ट्रांनी २० मार्च हा दिवसच आनंदाला देऊन टाकला. त्याच सुमारास दरवर्षी देशांचा निकाल लागतो. २०१८ पासून फिनलंड ओळीने पहिला. २०२४ मध्ये आपण १४३ देशांत १२६वे. भाच्याने हा आकडा मला अशा सुरात सांगितला, जणू मीच अभ्यास केला नव्हता.

या निकालाच्या मुळाशी एक शिडी आहे. हॅडली कँट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६५ सालच्या पुस्तकात मांडलेली. सर्वांत वरची पायरी, दहावी, म्हणजे तुम्हाला शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य. तळाशी शून्य, सर्वांत वाईट. तुम्ही कुठल्या पायरीवर? ‘खाऊन-पिऊन सुखी’ला जमीन होती, तिच्यावर पाय टेकले की झालं. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाची नजर मात्र वरच्या पायरीवरच जाणार. आठव्या पायरीवरही चुकचुकायला दोन पायऱ्या उरतातच.

पोस्टकार्डं घेऊन मावशीकडे गेले. आता ब्याऐंशीची आहे. हा शिडीचा प्रश्न तिलाही विचारला.

“शिडीवर? या वयात?” म्हणाली. “खुबा मोडून घेऊ?”

“अगं, मनातली शिडी.”

“मग माझी की तुझ्या काकांची?”

याचं उत्तर कँट्रिलसाहेबांकडे असेल असं वाटत नाही. तिने कार्डं उलटसुलट केली, टायफॉइडच्या कार्डावर जरा थांबली, चष्मा पुसला. काहीतरी सांगेल म्हणून मी वाट पाहिली. ती म्हणाली, अक्षर किती बरं होतं माझं. मग चहा झाला, थालीपीठ झालं, शेजारच्या नव्या सुनेवर बोलणं झालं. मी चपला घालत होते, तेव्हा दारापर्यंत आली.

“पाच लिही.”

मी जिना उतरायला लागले तशी वरून हाक आली, हळू आवाजात, शेजारचं दार उघडं होतं म्हणून.

“सात लिही गं. पण पेपरात छापू नकोस.”